घराचं एकच मत

नळी पाण्यात जितकी खोल, तितकी फुंकर जड. फुप्फुसांच्या उपचार केंद्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ताई एवढं एकच शास्त्र शिकवायची. बाबांना, म्हणजे तिच्याच वडिलांना, तेही शिकवावं लागलं नव्हतं. ज्या माणसाने उभं आयुष्य लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेली काच फुगवली, त्याला फुंकर काय शिकवणार? फक्त आता टोकाला काच नव्हती, पाण्याने अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली होती. बुडबुडे काढताना छातीत उलटा दाब बसतो, मिटलेल्या श्वासनळ्या जराशा उघडतात, कफ सुटतो, ओठांचा निळसरपणा उतरतो. उपचार इतका साधा, की कुणालाही वाटावं, हे काय, घरीही होईल. घरी होत नसे. घरी बाबा दोन फुंकरी मारून बाटली बाजूला ठेवत आणि “झालं” म्हणत.

“उस्ताद, झुंबर काढताय की फुगा?” शेजारच्या खुर्चीवरच्या जुन्या पॅकिंगवाल्याने विचारलं.

“तुझ्या डोक्याएवढा गोळा,” बाबा म्हणाले. “आतून तसाच पोकळ.”

भिंतीला लागून बसलेली सगळी रांग हसली, आणि हसल्यामुळे खोकली. सगळ्यांच्या नाकात एकेक पातळ नळी, आणि सगळ्या नळ्या खोलीच्या टोकाच्या, प्राणवायू देणाऱ्या एकाच मोठ्या यंत्राला जोडलेल्या. वाळू, चुना, सोडा यांची धूळ ज्यांनी वर्षानुवर्षं गिळली, तेच सगळे. काचेच्या कारखान्यात एका पाळीत होते, इथेही एकाच पाळीत.

“उद्या आम्हा सगळ्यांचं मत सेवेलाच, ताई,” पॅकिंगवाला म्हणाला. “पोरं काय करतील ते मात्र विचारू नका.”

ताईने विचारलं नाही. तिने त्याच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि आकडा स्थिर होईपर्यंत त्याच्या नखाकडे बघत राहिली.

कारखाना बंद पडून एक हिवाळा उलटला होता. त्याच्यामागोमाग दुकानं, मालवाहतूक, दोन बँका. सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता, म्हणून सरकारने प्रत्येक शहराला विचारलं होतं: एकतर प्रत्येक प्रौढ माणसाच्या खात्यात दरमहा सारखी रक्कम, कामाची, वयाची, कसलीच अट नाही; नाहीतर शहरातल्या फुकट सेवा आहेत तशा चालू ठेवायच्या. हे केंद्र, बस, पाळणाघर, वाचनालय. दोन्ही मिळणार नव्हतं. लोक आता नुसतं ‘रक्कम’ आणि ‘सेवा’ म्हणत, जणू एकाच घरातल्या दोन मुली आणि आपल्याला एकीलाच सून करून घ्यायची आहे.

बाबांची वेळ संपली तेव्हा थोरला बाहेर पायरीवर उभा होता. काम गेल्यापासून बाबांना आणणं-नेणं त्याच्याकडे होतं. तो आत कधी येत नसे. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं बसथांब्याकडे निघाले.

*

धाकटा दुपारच्या गाडीने आला. राजधानीत अर्थशास्त्र शिकवत होता, पण मतदार यादीतलं नाव त्याने इथून कधी हलवलं नव्हतं. घरात त्याला सगळे ‘प्राध्यापक’ म्हणत. आई होती तोवर कौतुकाने, आता वेगवेगळ्या कारणांनी.

टेबलाशी पाचही जण बसले. बाबा टोकाला, पाठीला उशी. थोरला त्यांच्यापासून सगळ्यात लांब. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, बटाटे सोलत होती आणि साली एकसंध निघाव्यात याकडे तिचं इतकं लक्ष होतं, की ती ऐकत नाहीये असं कुणालाही वाटलं असतं.

“दादा, साधं गणित आहे,” धाकट्याने सुरुवात केली.

“तुझं गणित नेहमीच साधं असतं. अवघड उत्तर आमच्या वाट्याला येतं.”

“ऐकून तर घे. रक्कम आली, तू बाबांसाठी यंत्र घेतलंस. छान. ते बिघडलं की कोण येणार? वीज गेली तर? केंद्रात एक यंत्र आहे आणि सगळी रांग त्याच्यावर श्वास घेते, म्हणून ते परवडतं. प्रत्येकाने आपापलं घ्यायचं ठरवलं की तेच कुणालाच परवडत नाही. आणि ताईसारखं माणूस? पाण्याची बाटली विकत मिळते, दादा. विहीर मिळत नाही.”

“वा. हे वर्गात फळ्यावर लिहितोस का?”

“चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा नाही.” थोरल्याने कप बाजूला सरकवला. “तुला एक सेवा सांगतो. रोजगार सेवा. दर सोमवारी जायचं, दुकानोदुकानी ‘काम आहे का’ विचारून ‘नाही’ म्हटल्याच्या सह्या आणायच्या, त्या खिडकीत द्यायच्या. नकार गोळा करतो मी. गेल्या खेपेला न्हाव्याकडे गेलो, तर तो म्हणाला, आधी केस कापून घे, सही फुकट देतो.”

धाकट्याला हसू आलं. थोरला हसला नाही.

“भट्टीचा रंग बघून ताप सांगायचो मी. मोजायचं यंत्र आणलं, तर यंत्र चूक निघालं, मी नाही. आता त्या खिडकीतली पोरगी विचारते, ‘काका, सकाळी वेळेवर उठता ना?’ सेवा म्हणजे काय, सांगू? कोणीतरी खिडकीच्या पलीकडे बसणार आणि मी अलीकडे उभा राहणार. रक्कम म्हणजे खिडकीच नाही. माझं तेवढंच गणित आहे.”

“पण केंद्रात खिडकी नाहीये,” ताई म्हणाली.

“तुला दिसत नाही, कारण तू पलीकडे बसतेस.”



“म्हाताऱ्यांचा अड्डा आहे तो,” थोरला पुढे म्हणाला. आवाज चढला होता. “जुने विनोद, जुना खोकला. त्याच्यासाठी सगळ्या शहराने हात पसरून बसायचं?”

“मी अजून मेलेलो नाही,” बाबा म्हणाले. “मेलोय असं धरून बोलायला अजून थोडा अवकाश आहे.”

 वहिनीची साल तुटली.

“मी बोलू?” ती म्हणाली. “माझ्या नावावर आजवर या घरात काय आलंय? लग्नपत्रिका. बास. पहिल्यांदा कोणीतरी म्हणतंय, प्रत्येक माणसाच्या खात्यात. घराच्या नाही, नवऱ्याच्या नाही. माझ्या.”

“वहिनी, पैसा आला तरी तो घरातच जाणार,” धाकटा म्हणाला.

“जाऊ दे. मी घालीन तेव्हा जाईल. तुम्ही सगळे सेवा, सेवा करताय. बस बाबांची, केंद्र बाबांचं, पाळणाघर हवं होतं तेव्हा जागा नाही म्हणाले, आता पोरं मिशा फुटायच्या वयाची झाली. मला कुठली सेवा मिळते हो? मीच तर आहे या घरातली फुकट सेवा.”

“आणि बाबांचं?” ताईने विचारलं.

“बाबांना मी टाकणार आहे का? आजवर कोण करतंय?”

“तू जेवण करतेस. मी श्वास म्हणतेय.”

“बघा,” वहिनी धाकट्याकडे वळून म्हणाली. “माझं ते जेवण. तिचा तो श्वास.”

धाकट्याला वाटलं, आता मुद्द्यावर आणायला हवं. “खरा प्रश्न असा आहे, की दोन्ही का नाही? चोर घरात शिरून विचारतोय, टीव्ही नेऊ की फ्रीज. आणि आपण चोराला सोडून एकमेकांच्या उरावर बसलोय.”

“मग धर की चोराला!” थोरला म्हणाला. “त्याच्याच पगारावर शिकवतोस.”

  मघापासून बोलताना धाकट्याला आपला आवाज दुरून येत असल्यासारखा वाटत होता. सगळं बरोबर होतं, एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त त्या वाक्यांच्या खाली, तळघरात पाणी शिरावं तसा एक विचार शिरत होता. कारखाना बंद झाल्यापासून तो दर महिन्याला या घरी पैसे पाठवत होता. त्याच्या बायकोला दिवस गेले होते, हे त्याने अजून इथे कुणाला सांगितलं नव्हतं. इथे प्रत्येकाच्या खात्यात रक्कम यायला लागली, तर त्याला पाठवणं थांबवता येईल, आणि थांबवलं म्हणून कोणी बोलणार नाही.

बाबांनी टेबलावर बोटाने ठोकलं.

“बोलून झालं असेल तर बरण्या काढा.”

*

ही रीत आजोबांची. कारखान्यातल्या पहिल्या संपात आजोबा फाटकाबाहेर बसले आणि त्यांचा सख्खा भाऊ आत कामाला गेला. संप मिटला, पगार वाढले, पण भावाभावांचं बोलणं उरलेल्या आयुष्यात जुळलं नाही. एकाच्या मयतीला दुसरा रस्त्याच्या त्या बाजूला उभा होता. त्यानंतर आजोबांनी घराला नियम घातला. भिंतींच्या आत ज्याचं त्याचं मत, उंबऱ्याबाहेर घराचं एकच. आत ठरेल ते बाहेर सगळ्यांनी पाळायचं, मग ते संघटनेची निवडणूक असो की मुलीचं शिक्षण. आणि कोणाचं मत काय होतं, हे कोणी कोणाला कधी विचारायचं नाही. नियमातला शेवटचा भाग आजोबांना सगळ्यात महत्त्वाचा वाटे.

प्रत्येकाला दोन गोट्या मिळत, बाबांनीच कधीकाळी उरलेल्या काचेच्या ओढलेल्या, एक पांढरी, एक निळी. कोठीच्या खोलीत चिनीमातीच्या दोन झाकलेल्या बरण्या असत. एक मताची, एक उरल्याची. एकेकाने आत जायचं, दार लावायचं, एक गोटी इकडे, एक तिकडे. उरल्याची बरणी कोणी उघडत नसे.

“पांढरी रक्कम, निळी सेवा,” बाबा म्हणाले. “ताई, तू आधी.”

कोठीत साबणाचा आणि जुन्या गोणपाटाचा वास होता. ताई दाराला पाठ लावून उभी राहिली. आपण काय करणार, हे तिला सकाळपासून माहीत होतं. मोठ्या शहरातल्या इस्पितळाने तिला दोनदा बोलावलं होतं. दोनदा तिने नाही म्हटलं, कारण केंद्र होतं, कारण ती रांग होती, कारण संध्याकाळी घरी तीच रांग एका खुर्चीत बसलेली असे आणि तिच्याच हातून औषध घेई. दिवसभर अनोळखी माणसांची छाती, रात्री ओळखीच्या माणसाची. केंद्र असेपर्यंत ती कधीही सुटणार नव्हती. सोडून गेली, असं सगळे म्हणाले असते, आणि सगळ्यात आधी ती स्वतः म्हणाली असती. पण केंद्रच बंद झालं तर? तर ती कुणालाही सोडून गेली नसती. तर फक्त एक नोकरी संपली असती.

तिने पांढरी टाकली. निळी उरल्याच्या बरणीत टाकताना तिला वाटलं, ही जरा जास्त वाजली.

वहिनी आत गेली आणि लगेच बाहेर आली. तिला विचार करायचा नव्हता. तो तिने बटाटे सोलताना मोठ्याने केला होता.

धाकटा बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तेव्हा तो चष्मा पुसत होता, आणि नंतर पाणी प्यायला, आणि नंतर म्हणाला, “कोठीत उजेड कमी आहे.”

थोरला गेला, आला. दार जोरात आपटलं.

बाबांना उठायला वेळ लागला. ताई पुढे झाली, पण त्यांनी हात वर केला. कोठीत एकट्यानेच जायचं असतं. आत गेल्यावर त्यांनी शेल्फाला धरून आधी श्वास गोळा केला. त्यांना केंद्राचा विचार करायचा होता, पण डोक्यात थोरला येत होता, दुकानांच्या दारात उभा राहून नकाराची सही मागणारा. काच गरम असताना हवी तशी वळते. तिला एकदम गार केलं, तर ती वरून धड दिसते आणि आत ताण धरून बसते. मग कधीतरी, कुणी हातही लावलेला नसताना, टेबलावर ठेवल्या ठेवल्या फुटते. म्हणून तिला हळूहळू निवू द्यायचं असतं, दुसऱ्या, मंद भट्टीत. पोराला ती भट्टी कोणी दिली नाही. एका पहाटे फाटक बंद झालं आणि तो बाहेर होता.

तो आपल्याला म्हाताऱ्यांचा अड्डा म्हणाला, हेही बाबांना लागलं होतं. लागलेलं बाजूला ठेवण्याएवढा तो त्यांचा मुलगा होता. आपल्याकडे किती हवा उरली आहे हे त्यांना ताईच्या चिमट्यापेक्षा नीट कळत होतं. त्याच्याकडे अजून अर्धं आयुष्य होतं.

त्यांनी पांढरी टाकली, आणि आपण तोट्यात गेलेला सौदा हसत केल्यासारखे बाहेर आले.

*

मताची बरणी थाळीत उलटी केली.

चार पांढऱ्या एकमेकींवर आपटून थांबल्या. निळी थाळीच्या कडेने एक फेरी मारून त्यांच्यापासून लांब जाऊन बसली.

कोणी बाबांकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी एकदा बघितलं आणि मग ठरवून बघितलं नाही. वहिनीचा चेहरा पडला. जिंकायचं तिला होतं, पण असं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची एकटी गोटी थाळीत समोर बघायला लागेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

“बाबा, माझं म्हणणं तुमच्याविरुद्ध—”

“नियम आहे,” बाबा म्हणाले. “बोलायचं नाही. उद्या सगळे रक्कम. चहा टाक.”

थोरला थाळीकडे बघत होता. सगळ्यांना ती निळी बाबांची वाटत होती. ती त्याची होती.

तो मघाशी जे बोलला त्यातलं अक्षर खोटं नव्हतं. खिडकी, सह्या, न्हावी, त्या पोरीचं ‘काका’. हातात पांढरी गोटी घेऊनच तो कोठीत गेला होता. पण केंद्राच्या पायरीवर रोज उभं राहिल्यावर माणूस काचेतून आत बघतोच. त्याने आत बघितलं होतं, आणि बाबांना हसताना बघितलं होतं. घरी हसत नसत तसे, खांदे हलवून. पॅकिंगवाल्याच्या मांडीवर थाप मारत. सणाच्या सुट्टीत केंद्र बंद होतं तेव्हा संध्याकाळपर्यंत बाबांचे ओठ शाईत बुडवल्यासारखे झाले होते. ताई कामाने बाहेर होती, आणि त्याने एकट्याने त्यांना उशांवर बसवून ठेवलं होतं, फुंकर मारा, मारा, म्हणत. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बरणीच्या तोंडाशी हात गेला तेव्हा त्याच्या मनात एवढंच आलं, की त्या पैशाचा पहिला घास आपल्या घशाखाली उतरणार नाही.

मग त्याने मोजलं. मोजायची इच्छा नव्हती, पण भट्टीवरच्या माणसाला दिसलेलं न मोजता सोडता येत नाही. एक निळी आपली. म्हणजे बाकीच्या चारही पांढऱ्या. बायकोची, ती तर ती तोंडावर बोलली. प्राध्यापकाची पांढरी. विहीर विकत मिळत नाही म्हणणाऱ्याची. ताईची पांढरी.

बाबांचीही.

त्याने मान वर केली. बाबा चहाची वाट बघत होते. ताई त्यांच्या पाठीची उशी सारखी करत होती. धाकटा म्हणत होता, “असो, लोकशाही म्हणजे हेच,” आणि आवाज मोकळा, जवळजवळ खूश होता.

“प्राध्यापक,” थोरला म्हणाला.

“काय?”

विचारता येत नव्हतं. आजोबांनी त्या एका प्रश्नावरच तर कुलूप घातलं होतं. आणि विचारलं असतं, तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं. तासभर ओरडून पांढरीचं गाणं गायलेल्या माणसाने. कोण विश्वास ठेवेल? आपण स्वतः ठेवला नसता.

“साखर दे,” तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी पाचही जण एकत्र जाऊन ठरल्याप्रमाणे मत देऊन आले. शाळेच्या व्हरांड्यात रांग लांब होती. बाबांसाठी लोकांनी वाट केली. पॅकिंगवाला आपल्या पोराच्या हाताला धरून उभा होता. त्याने लांबून हात हलवला आणि मूठ वर केली, म्हणजे सेवा. बाबांनीही मूठ वर केली आणि आत जाऊन रकमेसमोर शिक्का मारला.

निकालात रक्कम आली. फरक इतका मोठा होता, की या घराची पाचही मतं उलटी पडली असती तरी काही बिघडलं नसतं. धाकट्याने फोनवर हे आवर्जून सांगितलं. “म्हणजे आपल्याला दोष घ्यायचं कारण नाही,” तो म्हणाला. पुढच्या महिन्यापासून पाठवणं जरा कमी होईल, हे त्याने त्याच फोनवर, शेवटाकडे सांगितलं, आणि मुलाची बातमीही. वहिनीने त्याचं अभिनंदन करून फोन ठेवला, घरात सगळ्यांना बातमी कळवली, आणि मग बँकेत जायला साडी बदलली.

केंद्राच्या शेवटच्या दिवशी सगळे आले. यंत्र न्यायला दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती. कुणीतरी खासगी दवाखाना काढणार होता आणि त्याने ते घेतलं होतं. ताईने प्रत्येकाला एकेक बाटली आणि नवी नळी बांधून दिली, खुणेची रेघ मारून. नळी इथपर्यंत बुडवा, रोज सकाळ-संध्याकाळ. सगळ्यांनी हो म्हटलं. घरी दोन फुंकरी मारून कोण बाटली बाजूला ठेवणार, हे तिला एकेकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मोठ्या शहरातल्या इस्पितळाला तिने होकार कळवला होता. घरी सांगायचं राहिलं होतं. रोज राहत होतं.

“आमचं एक बरं आहे, उस्ताद,” पॅकिंगवाला जाताना म्हणाला. “पोराने मोटारसायकलची चौकशी केली. म्हणतो, तुम्हाला फिरवून आणीन. हवा खायला.”

या वेळी कोणी हसलं नाही, त्यामुळे खोकलंही नाही.

रांग रिकामी झाली. बाबा एकटेच खुर्चीत राहिले. थोरला आज पहिल्यांदा आत आला, इकडेतिकडे न बघता सरळ त्यांच्यापाशी गेला आणि गुडघ्यावर बसून त्यांचे बूट चढवू लागला. पायांना सूज होती. नाडी सैल करून टाच आत घालायला वेळ लागत होता.

“तुझं काम झालं ना?” बाबा त्याच्या डोक्याला उद्देशून म्हणाले. “आता त्या सोमवारवालीच्या खिडकीत पाय ठेवलास तर बघ.”

“नाही ठेवत.”

“मग तोंड का पाडलंय? हवं ते मिळालं तरी सुतक.”

 थोरल्याला तो टोमणा वाटला. बाबांना तो तसा मारायचा नव्हता. पण मऊ बोलायची त्यांना या पोराशी सवय नव्हती, आणि आता नवी सवय लावण्याएवढी हवा नव्हती.

ताईने त्यांच्या नाकातली नळी काढली. बाबांनी तिचा हात धरला.

“मी विचारत नाहीये,” ते हळू म्हणाले. “विचारायचं नसतं, मला माहीत आहे. पण एक सांगून ठेवतो. ती निळी तुझी होती. त्या दिवशी थाळीत बघितली आणि मला ओळखू आली. सगळ्यांनी आपापलं बघितलं. मीसुद्धा माझं काय ते केलं, ते जाऊ दे. तू एकटी माझ्या बाजूने उभी राहिलीस.”

ताईच्या हातातली नळी अजून फुसफुसत होती. बाबांनी माझं काय ते केलं, म्हणजे काय केलं, हे तिला एका क्षणात कळलं. तिची निळी उरल्याच्या बरणीत कशी वाजली होती, ते आठवलं. बाबा नाहीत, ती नाही. वहिनी नाही. धाकटा आवर्जून फोन करून दोष नाही म्हणणारा, तो नाही.

तिने खाली बघितलं. थोरल्याची बोटं नाडीवर थांबली होती. त्याने मान वर केली आणि दोघांची नजर मिळाली. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता, तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त वाट बघत होता, भट्टीचं दार उघडून रंग बघावा तसा, ही आता काय रंग दाखवते म्हणून.

“तू आहेस, म्हणून मला पुढची काळजी नाही,” बाबा म्हणाले. “तुझीच होती ना?”

नियम त्यांनीच मोडला होता. आता खरं बोलायला कुणाचीच आडकाठी नव्हती.

“हो, बाबा,” ताई म्हणाली.

बाबांनी समाधानाने मान डोलावली आणि तिचा हात थोपटला. थोरल्याने डोकं पुन्हा खाली घातलं, नाडी ओढली, गाठ मारली.

“घट्ट तर झाली नाही ना?” त्याने विचारलं.

बाबा ताईकडेच बघत होते. त्यांना ऐकू आलं नाही.